माळावरचं पान

गेली चार-पाच वर्षं मनोहर ढमढेरेचं काम म्हणजे लोकांना नाही म्हणणं. आर्नहेम या डच शहरातल्या एका वीज कंपनीत तो नोकरीला आहे. देशातल्या तारांमध्ये नव्या विजेला जागाच उरलेली नाही, त्यामुळे कोणी बेकरी काढतो म्हणालं, कोणी शाळेच्या छपरावर पॅनेल बसवतो म्हणालं, की मनोहरने सभ्य भाषेत कळवायचं, थांबा. किती थांबायचं हे त्यालाही माहीत नसतं. हडपसरहून इथे आला तेव्हा वाटलं होतं, आपण मोठे दिवे लावणार. आता छप्पन्न वर्षांचा झाला. संध्याकाळी सायकल लावून घरात शिरला की बायको, शैला, त्याच्या खांद्यांकडे बघूनच विचारायची, "आज किती जणांना नाही म्हणालात?"

घर आर्नहेमच्या वरच्या अंगाला, एका लहान गावात. शैलाला झाडं हवी होती म्हणून घेतलेलं. गल्ली संपते तिथे माळ सुरू होतो आणि माळापलीकडे जंगल. गल्लीतलं शेवटचं घर यानेकेचं. ही बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आता निवृत्त, एकटी. मनोहरच्या घरी बिनबोलावता येणारं गावातलं हे एकच माणूस, आणि बिनबोलावता येणं ही त्या देशात केवढी गोष्ट आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. माळावर मेंढ्या चारणारा हेंक हाही ओळखीचा, पण तो रस्त्यावर भेटणारा, घरात येणारा नव्हे.

मनोहरची आई दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात पुण्यात गेली. ते दिवस कसे होते ते सगळ्यांना माहीत आहे. विमानं नव्हती, होती त्यात जागा नव्हती. त्याने सगळं फोनवर पाहिलं. दहाव्याला पिंड मांडले, कावळ्याची वाट बघायला सगळे मागे सरकले आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. नंतर बहिणीने, सुनेत्राने, सांगितलं की कावळा लगेच शिवला, काही मागे ठेवलं नव्हतं आईने. पण सुनेत्रा लहानपणापासून समोरच्याला बरं वाटेल तेच बोलते. मनोहरच्या मनात ते कुसळासारखं राहिलं.

त्या वर्षी पितृपक्षात त्याने बागेच्या भिंतीवर पान ठेवलं. ते शेजारच्या मांजराने खाल्लं. मग तो ताट घेऊन माळावर गेला, एका तोडलेल्या ओकच्या बुंध्यावर ते ठेवलं, हात जोडले आणि लांब फिरून आला. परत आला तेव्हा ताट लख्ख. त्याला इतकं भरून आलं की तो तिथेच खाली बसला.

वर्षातून एकदाचं ते पान, तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्याला दिवसभर नाही म्हणायचं असतं त्याला एका जागी हो मिळालं की तो ती जागा सोडत नाही. आधी अमावस्येला जाऊ लागला, मग दर रविवारी. शैला म्हणाली, "सासूबाई होत्या तेव्हा इतक्यांदा आपल्याकडे जेवल्या नाहीत." ते खरं होतं, म्हणूनच लागलं. पितराचं जेवण दर आठवड्याला कोण करणार, तेव्हा रविवारचं जे असेल ते जाऊ लागलं, म्हणजे बहुतेक मटण. आईला नळी आवडायची, म्हणून नळीसुद्धा. कावळा एवढी हाडं नेतो कुठे, हा प्रश्न इंजिनियर माणसाला पडायला हवा होता. तो पडला नाही.

त्या भागात लांडगे परत येऊन काही वर्षं झाली होती. दीडशे वर्षं नव्हते, आता होते, आणि गाव दुभंगलं होतं. हेंकच्या सहा-सात मेंढ्या गेल्या, त्यातल्या दोन तर पोट फाडलेल्या अवस्थेत सकाळपर्यंत जिवंत होत्या. तो म्हणे, कुंपणं घालून घालून माझे हात गेले, गोळी घाला एकदाची. यानेके म्हणे, आपण त्यांच्या घरात राहतो, आपणच जरा सरकून घेऊ. दोघंही मनोहरला आपल्या बाजूने ओढत. तू वाघांच्या देशातला, तुला कळेल, असं दोघांचंही म्हणणं. मनोहरने वाघ पाहिला होता तो कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, झोपलेला. तो दोघांपुढेही मान डोलवी. वाद घालायची ताकद ऑफिसातच संपलेली असे.

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी भर दुपारी तो ताट घेऊन गेला, तर बुंध्याशी लांडगा बसलेला. तरणा, पायाने लांब, अंगाने हडकुळा. पळाला नाही, गुरगुरला नाही. पंगतीला लवकर आलेला पाहुणा वाढप्याकडे बघतो तसा बघत होता. मनोहरने ताट होतं तिथेच खाली ठेवलं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे चालत आला. घरी येऊन त्याने शैलाला फक्त एवढंच सांगितलं की आता पुरे झालं. ती म्हणाली, बरं झालं, माझ्या सेटमधलं ताट मात्र गेलं.

त्याने पान बंद केलं आणि तीच दुसरी चूक झाली. अन्न येईना तेव्हा लांडगा अन्न शोधत आला. आधी माळाच्या कडेला दिसला, मग गल्लीत, आणि नोव्हेंबरात शाळेतून येणाऱ्या एका लहान मुलीच्या मागे मागे चालत आला. पोर घाबरून दप्तर टाकून पळाली. त्याने दप्तरातला पाव खाल्ला आणि निघून गेला. मुलीला ओरखडा नव्हता, पण ती आठवडाभर शाळेत गेली नाही. मनोहरलाही तो आठवडा अन्न गोड लागलं नाही.

प्रांत सरकारने गोळी घालायची परवानगी काढली. प्राणीमित्र कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, लांडगा तरणा आहे, चौकस आहे, एवढ्यावरून मारता येणार नाही. न्यायाधीश म्हणाले, माणसाच्या हातचं खाऊन तो सोकावला आहे असं दाखवा, मग बघू. झालं, गावात शोध सुरू झाला की खायला घालतं कोण. बोट कुणाकडे जाणार? प्राण्यांचे फोटो काढायला माळाकडे कॅमेरा लावून बसणारी गावात एकच बाई होती. दुकानात लोक यानेकेशी बोलेनासे झाले. सकाळी हात करणारे शेजारी सायकल पुढे काढू लागले. ती मनोहरकडे येऊन चहा पीत असे आणि या विषयावर अवाक्षर काढत नसे. तिच्यासमोर बसायचं म्हणजे मनोहरला काटे टोचत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

डिसेंबरात गावच्या सभागृहात सभा झाली. प्रत्येकाला एक कॉफी आणि एक बिस्किट. प्रांताचा माणूस बोलला, मग हेंक उभा राहिला. ओरडला नाही. फार दमलेल्या आवाजात म्हणाला की माझी मेंढरं जाऊ देत, आता पोरांच्या मागे लागलाय, आणि ज्याने त्याला याची सवय लावली तो माणूस याच खोलीत बसलाय. सगळ्यांनी यानेकेकडे पाहिलं.

ती बसूनच म्हणाली, "असेनही मी. सिद्ध करून दाखवा."

मनोहर उठला. यानेकेने वळून पाहिलं आणि मान हलवली, अगदी जराशी, नको अशी. त्याला वाटलं, ही माझी भीड राखतेय. त्यामुळे तर त्याला आणखीच लाज वाटली. मोडक्यातोडक्या डचमध्ये त्याने सगळं सांगितलं. आई, कावळा, बुंधा, रविवार, मटण. मेलेल्या आईसाठी अन्न ठेवतात हे समजावताना त्याला दोनदा थांबावं लागलं. कोणी हसलं नाही. हेंक मधून वाट काढत आला आणि त्याने मनोहरचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. प्रांताच्या माणसाने त्याला बाजूला बोलावून पुन्हा सगळं विचारलं, कुठे, केव्हापासून, काय काय. मनोहरने प्रामाणिकपणे उत्तरं दिली. परत येऊन बघतो तर यानेके निघून गेली होती.

घरी त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली. शैलालाही नवऱ्याचं कौतुक वाटलं, तिने तसं बोलूनही दाखवलं. गावातले लोक यानेकेशी पुन्हा बोलू लागले. ती मात्र मनोहरकडे यायची थांबली.

जानेवारीत कोर्टाने परवानगी कायम केली. मनोहरचं म्हणणं तिथे वाचलं गेलं होतं. त्यानंतर आठवडाभरातच, एका सकाळी, माळावर बार झाला. ऑफिसला निघालेल्या मनोहरने तो सायकलवरच ऐकला. नंतर कळलं, गोळी घालायला आलेल्या माणसांना बघून लांडगा पळालाच नव्हता. उलट चार पावलं पुढे आला होता.

त्या शनिवारी मनोहर यानेकेकडे गेला. ती कॅमेऱ्याची तिकाटणी पुसत होती. बस म्हणाली. तो बसला नाही. मी तुम्हाला वाचवायला बोललो, असं त्याने सांगितलं. ते त्याचं त्यालाच पोकळ वाटलं.

"मला माहीत होतं," यानेके म्हणाली. "दोन हिवाळे तुला बघत होते. तू ताट ठेवून हात जोडायचास. ते लांडग्यासाठी नव्हतं, एवढं मला कळत होतं."

"मग तेव्हाच मला थांबवलं का नाहीत?"

"तू उठून परत यायचास तेव्हा तुझा चेहरा निराळा असायचा. मला ते मोडवलं नाही. ती माझी चूक." तिने फडकं खाली ठेवलं. "पण नंतर मी गप्प राहिले ते विचार करून. माझ्यावर नुसता संशय होता, पुरावा नव्हता. पुरावा नाही, तर गोळी नाही. तरणा लांडगा मार्चपर्यंत कळप सोडून लांब जातो, हाही गेला असता. तोवर लोक माझ्याशी बोलले नसते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी, तीन महिने काढले असते."

आपण खरं बोललो ते कुणासाठी, हे मनोहरला आता पहिल्यांदा कळत होतं, आणि कळल्याचा काही उपयोग नव्हता. आईसाठी ठेवलेलं ज्याने खाल्लं, त्याला आपल्याच तोंडाने मारून आलो. ही गोष्ट सुनेत्राला सांगता येणार नव्हती, शैलालाही पुरती सांगता येणार नव्हती.

"मन हलकं झालं का तुझं?" यानेकेने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग कुणाचंच भलं झालं नाही," ती म्हणाली आणि तिकाटणीचे पाय मिटू लागली.