दुसरा नळ

पाणी गोठलं की फुगतं, ही गोष्ट रोदियोन मास्तर दर डिसेंबरात सातवीच्या वर्गाला बाटली फोडून दाखवत असत. बाटली काठोकाठ भरायची, बूच आवळायचं, खिडकीबाहेर ठेवायची. तास संपायच्या आत ‘टक्!’ पोरं टाळ्या वाजवत. असा माणूस शेजाऱ्याच्या इंजिनात पाणी ठेवून घरी गेला आणि सहा महिने निवांत झोपला, हे पोरांना कळतं तर टाळ्या दुप्पट पडल्या असत्या.

शेजारी म्हणजे सावेली काका. ऑक्टोबरात ते हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात पडले होते. गाडीत साधं पाणी. न गोठणारं द्रावण परवडायला पेन्शन वेळेवर यावी लागते. उशीखालून गॅरेजची किल्ली काढून देताना त्यांनी बजावलं होतं, “नळ दोन आहेत, मास्तर. एक रेडिएटरचा, एक इंजिनाच्या पोटाला. दोन्ही सोड.”

मास्तरांनी दोन्ही सोडले. पहिल्यातून धो धो पाणी आलं. दुसऱ्यातून एक थेंब आला आणि थांबला. म्हणजे इंजिन रिकामं, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला. आत गाळ बसतो, तार खुपसावी लागते, हे त्या गॅरेजच्या रांगेतल्या कुठल्याही दारुड्याने झोपेत सांगितलं असतं. पण मास्तर पदवीधर होते, विचारणार कोणाला?

सावेली काकांनी पोलादाच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली आणि दोन बोटं तिथंच ठेवली. अकरा वर्षं यादीत नाव लावून ही हिरवी झिगुली गाडी मिळवली. दर हिवाळ्यात ते तिला ओंडक्यांवर चढवत, उंदीर शिरू नये म्हणून धुराच्या नळीत चिंधी कोंबत, आणि बॅटरी घरी नेऊन पलंगाखाली ठेवत. कापितोलिना काकू म्हणायच्या, “माझे पाय बर्फासारखे गार पडतात, त्यांची चौकशी नाही. रात्री उठून पांघरूण घालतो ते बॅटरीला!”

ते पाय या वर्षी सुजून भोपळे झाले होते. हृदय पाणी उपसत नाही, असं डॉक्टर म्हणाला. उन्हाळ्याबद्दल विचारलं तर खिडकीबाहेर बघू लागला. काकूंना उन्हाळा नकोच होता. त्यांना ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार हवा होता, रादोनित्सा, जेव्हा सगळं गाव आपापल्या मेलेल्यांना भेटायला जातं. त्यांचा मुलगा ल्योन्या लढाईवरून जस्ताच्या बंद पेटीत आला होता. पेटी उघडू दिली नाही. चौपन्न किलोमीटरवर, काकूंच्या माहेरच्या गावी, त्याला पुरलं. दर वर्षी त्या जाऊन त्याच्याशी तासभर बोलत. यंदा बसही बंद झाली होती.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी काका बॅटरी घेऊन गॅरेजकडे निघाले, ल्योन्याच्या लहानपणीच्या घसरगाडीवरून. वाटेवरचा बर्फ वितळून गेलेला. लोखंडी पट्ट्या चिखलात खरडत होत्या. मास्तर मागून ढकलत होते. गॅरेजच्या दारापुढे सावलीत उरलेला बर्फ पहारीने फोडला, चिंधी काढली, ओंडके काढले, चाकांत हवा भरली. मग काकांनी कोमट पाणी ओतलं. ते जेवढं वरून गेलं तेवढंच गंजाच्या रंगाचं खालून आलं.

काकांनी खिशातून काकूंचा हातआरसा काढला, इंजिनाखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिले. बोटभर लांब तडा होता.

“थंडी फार होती यंदा,” काका म्हणाले.

“फार,” मास्तर म्हणाले. आणि दुसऱ्या नळाचं न सांगता त्यांनी पहार उचलून कोपऱ्यात ठेवली.

मास्तर सगळ्या रांगेत दार ठोठावत फिरले. “मंगळवारी गाडी?” एकाने हसून विचारलं, “मास्तर, माझी आई काय पायी येऊन भेटणार मला?” प्रत्येकाचे मेलेले प्रत्येकाला होते, आणि गाड्या गच्च भरलेल्या.

काकांनी राळेत लोखंडाचा कीस कालवून तड्यावर थापला आणि दोन रात्री तो वाळायला त्यावर दिवा रोखून ठेवला.

मंगळवारी सकाळी निघाले. पुढे काकू, मांडीवर ल्योन्यासाठी मनुकांचा भात, धिरडी आणि लाल रंगवलेली अंडी. मागे मास्तर, पायांत पाण्याचे चार डबे. पहिले वीस किलोमीटर गाडी शहाण्यासारखी चालली. मग दर दोन-तीन किलोमीटरला वाफ, उतरा, ओता. डबे संपले, तेव्हा मास्तर गटारातलं वितळलेलं पाणी टोपीने भरू लागले. शेवटी एका चढावर इंजिनाने दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि ते अडकलं.

“किती राहिलं?” काकूंनी विचारलं.

“आठ.”

बर्चच्या झाडांवर कावळे कलकलत होते.

“काका,” मास्तर म्हणाले, “तो दुसरा नळ... एकच थेंब आला. मी म्हटलं, रिकामं झालं.”

“तार खुपसायची असते.” काका चाकाकडे बघत होते. “आरसा लावला तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून तडा बुजला असता?”

काकू वळल्या. “काय रे मास्तर, एवढं पोरांना नापास करतोस. तुझी वही कोण तपासतं?”

त्या हसल्या नाहीत. मास्तरांना वाटलं, हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंनी गाडीतूनच काच खाली केली, ल्योन्याच्या गावाच्या दिशेने भाताची एक मूठ टाकली आणि पुटपुटत राहिल्या. पाचेक मिनिटंच. तासाभराचं बोलणं आठ किलोमीटरवरून ओरडून बोलता येत नाही.

दुपारी एक रिकामा लाकडांचा ट्रक आला, शहराकडे परतणारा. उलटी दिशा, पण काकूंचे ओठ निळे पडू लागले होते. दोर बांधला. गाडी वळताना काकूंनी हात मागे करून एक लाल अंडं मास्तरांच्या ओल्या टोपीत ठेवलं.

“हे त्याच्यापाशी ठेवून ये. डोक्याकडच्या बाजूला. पायाकडे नको.”

“रविवारी सायकलने जातो, काकू.”

तो रविवार गेला. वाटेत चिखल होता. दुसरा गेला, वह्या तपासायच्या होत्या. मेच्या शेवटी वाट कोरडी ठणठणीत झाली. सावेली काकांनी गाडी पुन्हा ओंडक्यांवर चढवली, भर उन्हाळ्यात. काकू खिडकीशी बसलेल्या असतात. मास्तर खालून जाताना टोपी काढतात. त्या मान हलवतात, अंड्याचं विचारत नाहीत.

अंडं शाळेच्या कपाटात आहे, रिकाम्या बाटल्यांच्या रांगेत.