लाल रेघ

बुलढाण्याजवळच्या आमच्या धावपट्टीवर जुन्या शिकाऊ विमानांची देखभाल करणारे मिस्त्री रोज सकाळी भिंग डोळ्याला लावून पंख तपासायचे. तडा दिसला की त्याच्या टोकाशी लाल स्केचपेनाने रेघ मारायचे. “तडा रेघीच्या पुढं गेला त विमान उडवाचं नाही, ताई,” हे त्यांचं पालुपद. त्या रेघेच्या भरवशावर मी वर्षभर उडले.

काल भिंगातून मीच पाहिलं. तडा रेघ ओलांडून नखभर पुढे गेला होता.

“आता?” मी विचारलं.

मिस्त्रींनी थुंकी लावून अंगठ्याने रेघ पुसली, पुढे नवी मारली आणि शांतपणे म्हणाले, “बसा, ताई. आता आतच हाये.”

मी पुन्हा भिंग लावलं. नव्या रेघेच्या मागे, तड्याच्या कडेने, पार तो सुरू झालेल्या रिव्हेटच्या खिळ्यापर्यंत, पुसलेल्या रेघांचे फिकट लाल डाग होते.