राजा विचारतो का?

मी मॅट्रिकला होते तेव्हा अकोल्याच्या आमच्या वाचनालयात दुपारी बायकांची वेळ असायची. चहाची वेळ झाली की बाकीच्या लगबगीने घरी निघत. रोज येणाऱ्या एका वयस्कर बाईंना मात्र कधीच घाई नसायची. कुणी कादंबरीला हात लावला की त्या शेजारी येऊन उभ्या राहत. मला त्यांची जरा भीतीच वाटे.

प्रेमकथा असो की शापित राजकन्येची अद्भुत गोष्ट, त्यांची कसोटी एकच. "घोड्यावर बसून तं कोनीबी येते. तो पोरीले 'जेवली का' म्हनून इचारते का, थे पाह्य!" ज्यात कुणी तसं विचारत नसे, ते पुस्तक त्या नाव दिसू नये असं कपाटात उलटं सारत.

एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात कोंबली. "ने हे. यातला राजा इचारते."

मी ती अक्षरन् अक्षर वाचली. राजाने लढाया जिंकल्या, राणीसाठी महाल बांधला. जेवणाचं नावसुद्धा नव्हतं.

पुस्तक परत करताना मी तसं सांगितलं. त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"नसन लिवलं," त्या म्हणाल्या. "वाचतानी तेवढं मीच मनानं टाकतो. नाही तं थे बिचारी रोज उपाशीच निजते नं."