जखमेतली सरकी

माझ्या पायाच्या ताज्या जखमेवर मी स्वतःच्या हाताने जिनिंग कारखान्यातला कापूस कोंबला.

धुळ्याच्या इस्पितळात माझं नडगीचं हाड तारेने बांधलं होतं आणि फळीची कड टोचत होती. मी धरणगावचा कापूस-पारखी. भेटीला आलेल्या भावाकडून पांढराशुभ्र कापूस मागवला आणि पट्टी सैल करून आत सरकवला. इस्पितळवाल्यांना कापसातलं काय कळतंय, असा माझा तोरा.

तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर माझ्याशी बोलायचा नाही. बोलायचा तो जखमेशी. कोपरापर्यंत हात धुवायचा, पट्टी हुंगायचा आणि विचारायचा, "काय माय, रात बरी गयी का?" मग स्वतःच "बरी शे" म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने हुंगलं आणि लगेच पट्टी सोडली. चिमट्याने पुवाने माखलेला कापूस ओढला. त्यात एक सरकी होती. कारखान्यातून निघालेल्या चोख कापसात ती नसते.

"माय, हाऊ कापूस कोन्ही घाला?"

"मीच," मी म्हणालो. "एक नंबरचा आहे."

डॉक्टर म्हणाले, पू वर चढला तर पाय गुडघ्यापासून कापावा लागेल. पेनिसिलीन तेव्हा आलं नव्हतं. ड्रेसर दिवसातून चारदा, सुटीच्या दिवशीही, उकळलेल्या पाण्याने जखम धुवायचा. पट्टी हुंगायचा, पण विचारायचा काहीच नाही. तीन आठवड्यांनी एका सकाळी त्याने विचारलं, "रात बरी गयी का, माय?" मला रडूच फुटलं.

घरी निघताना मी हात जोडले. "तुम्ही माझा पाय वाचवलात."

"हां भाऊ," तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमना हातपासून."