एक जूनचे दोघे

मी नेमकं काय काम करते हे बाबांना समजावण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. इथे परदेशात, गुंगालिनच्या आमच्या घरात हीटरसमोर बसून सांगितलं, की जावामध्ये लिहिलेला एक मोठा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. माणसं स्क्रीनवर माहिती भरतात, ती आधी सर्व्हरच्या मेमरीत येते. मेमरीतलं काही खरं नसतं, सर्व्हर बंद पडला की गेलं. ती माहिती डेटाबेसमध्ये नीट उतरवायची, दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर गोंधळ होऊ द्यायचा नाही, आणि काम अर्ध्यात अडलं तर सगळं मागे घ्यायचं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बिघडलं की तुला बोलावतात." मी हो म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

ज्या सरकारी खात्यासाठी मी कॉन्ट्रॅक्टवर काम करते त्याचं नाव सांगायची मुभा नाही. तिथे माणसांच्या नोंदी असतात आणि कुणाचं कोणतं ऑपरेशन व्हायचंय, कोण रांगेत कुठे आहे, हे त्या नोंदींना जोडलेलं असतं. अशा ठिकाणचं जुनं दुखणं म्हणजे एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी. एका दवाखान्याने नाव पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्याने तोडून. म्हणून मी या टीममध्ये यायच्या आधीच एक नियम लागू झाला होता. आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख, लिंग आणि पोस्टकोड, हे सगळं जुळलं की माणूस एकच. मग एक नोंद चालू राहते आणि दुसरी तिच्यात मिसळते. जिथे बाळ जन्मल्याची वेळही मिनिटासकट लिहून ठेवतात, त्या देशात बसून हा नियम केलेला. कागदावर तो चांगला कडक दिसायचा.

आमच्याकडे मात्र एक अख्खी पिढी एक जूनला जन्मली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबाप पोराला मास्तरांपुढे उभं करायचे, आणि जन्म कधीचा विचारलं तर "ज्वारीची काढणी चालली होती तेव्हाचा" एवढंच सांगता यायचं. मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावायचे. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. बाबा आणि काका एकाच दिवशी शाळेत गेले. काका चांगले दीड-दोन वर्षांनी धाकटे, पण कागदावर दोघांचा जन्म एकाच वर्षी, एकाच दिवशी. त्यात आजीने दोघांची नावं एकाच अक्षरावरून ठेवलेली.

काका आमच्या आधी कितीतरी वर्षं इथे आले, त्यांच्या मुलाकडे. ते गुंगालिनमधल्याच एका तळ्याच्या पलीकडे राहतात, आम्ही अलीकडे. पोस्टकोड एकच. पण बाबा माझ्याकडे राहायला आले त्याआधीपासूनच दोघांचा अबोला होता. आजी गावी गेली तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती, काका जाऊ शकले नाहीत. अंत्यविधी ते फोनवर बघत होते. त्रिसरण म्हणायला सुरुवात झाली आणि कॉल कटला. काकांनी परत लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. "आईच्या वेळेला ज्याने फोन ठेवला, त्याच्याशी मला बोलायचं नाही," हे बाबांचं वाक्य मला पाठ झालं होतं. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात हॉलच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, असं चालायचं. आम्ही मुलं मध्ये बसायचो आणि दोन्हीकडे ताटं पोचवायचो.

मग बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा हा माणूस फोडणी जाळायला लागला, कारण मोहरी दिसत नव्हती. लाइट रेलच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, स्टॉपपर्यंतचं चालणं बंद झालं. हिवाळ्यात इथे लवकर अंधारतं, आणि उजेड कमी झाला की बाबा खुर्चीतून उठत नसत. तहान लागली तरी मी घरी यायची वाट बघायचे. मला भीती वाटायला लागली होती. डॉक्टरांनी त्यांचं नाव ऑपरेशनच्या रांगेत घातलं. आम्ही पत्राची वाट बघत राहिलो. हिवाळा संपला तरी पत्र आलं नाही, तेव्हा मी फोन केला.

पलीकडची बाई अगदी गोड बोलली. "त्यांचे दोन्ही डोळे झालेत, लव्ह. केव्हाच. ऑल गुड!"

मी फोन ठेवून बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ना? सुंठीवाचून खोकला गेला." मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन कुणाचं झालं होतं, ते मला माहीत होतं. आमच्या प्रोग्रॅमने काका आणि बाबा यांचा एकच माणूस केला होता. त्या माणसाला छान दिसत होतं, म्हणून त्याला रांगेतून काढून टाकलं होतं.

आता वाटेल, हिचंच तर काम, बसली असेल आणि दुरुस्त केलं असेल. तेच तर करता येत नव्हतं. घरच्या माणसाची नोंद उघडून बघायचीही आम्हाला सक्त मनाई. कोण काय उघडतं ते सगळं टिपलं जातं, आणि सापडलात तर नोकरी गेली. नियम योग्य आहे, मी स्वतः नव्या लोकांना तो शिकवते. पण त्या दिवशी त्या स्क्रीनसमोर मी हात बांधून बसले आणि मला मनापासून राग आला. काय चुकलंय ते मला कळत होतं, कसं सुधारायचं ते कळत होतं, आणि घरी बाबा भिंत चाचपत बाथरूमला जात होते.

मी टीम लीडला सांगितलं की हे माझ्या वडिलांचं आहे, मला यातून बाजूला ठेवा. काम माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडे गेलं. तो अफगाणिस्तानचा, क्वेट्ट्यात वाढलेला, आम्ही आपसात हिंदीत बोलतो. मी त्याला एक जूनची गोष्ट सांगायला लागले तर त्याने मला मध्येच थांबवलं. "हमारे यहाँ सब फर्स्ट जनवरी को पैदा हुए हैं. अम्मी, अब्बा, मैं, सब." मग म्हणाला, काळजी करू नकोस, मिसळलेली नोंद आपण पुसत नाही. ती तिथेच असते, फक्त वापरात नाही अशी खूण होते. तिला परत उभं केलं की रांगेतली मूळ जागाही परत मिळेल. पण त्यासाठी ही दोन वेगळी माणसं आहेत असं खात्याच्या लोकांनी आधी खात्रीने सांगायला हवं. आणि तारीख, आडनाव, अक्षर सगळं एक असल्यामुळे ते म्हणत होते की दोघांनी पासपोर्ट घेऊन एकत्र काउंटरवर यावं.

एकत्र. मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "मग राहू दे. आहे तेवढं दिसतं मला."

"काय दिसतं तुम्हाला? मी आत्ता कुठल्या रंगाचा स्वेटर घातलाय?" मी ओरडलेच. मी त्यांच्यासमोरच काकांना फोन लावला. मनात बरीच भाषणं तयार करून ठेवली होती. काकांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "दादाला दिसत नाही? आणि मला कुणी सांगितलं नाही?" आणि लगेच, "कधी यायचं ते सांग."

लाइट रेलमध्ये दोघं समोरासमोर बसले आणि दोघांनीही बाहेर बघितलं. त्यातल्या एकाला बाहेरचं काही दिसत नव्हतं. काउंटरवरच्या बाईने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोघांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "ट्विन्स?"

मी समजावायला लागले तेवढ्यात काका इंग्रजीत म्हणाले, "नो. ही इज एल्डर." मग माझ्याकडे वळून मराठीत, "तिला सांग, मी लहान होतो. दादाला शाळेत घालायला निघाले तेव्हा मी घरी एकटा राहीना, म्हणून आईने मलाही नेलं. माझा हात काही कानाला पोचत नव्हता. मास्तरांनी पाठ फिरवली तेव्हा दादाने तो ओढून लावला."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं.

"रडत होतास," बाबा म्हणाले. "हात सोडत नव्हतास माझा. काय करणार?"

त्या बाईला मी काय भाषांतर करून सांगितलं ते आठवत नाही. तिने दोघांच्या सह्या घेतल्या आणि म्हणाली, "नो वरीज, दोघं वेगळे आहात असं लिहिते." परतीच्या वाटेवर दोन स्टॉप गेल्यावर काका म्हणाले, "दादा, तो कॉल कटला नव्हता. मी कट केला. बघवेना मला."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पण परत लावायचास रे."

काकांनी मान हलवली.

नोंदी दोन झाल्याचं सहकाऱ्याने मला सांगितलं. त्याहून जास्त काही त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही दोघांनी मिळून मागणी केली की एक जून आणि एक जानेवारी या तारखा जुळल्या तर प्रोग्रॅमने परस्पर निर्णय घेऊ नये, माणसाने बघावं. बरीच चर्चा झाली, मग मान्य झालं. बाबांना त्यांची जुनी जागा परत मिळाली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते. सकाळ-संध्याकाळचं मी बघणार होते, दुपारी मात्र मी ऑफिसात. काकांनी विचारलं नाही, फक्त सांगितलं, "दुपारचं, आर्वोचं, मी बघतो. माझे झालेत, मला ठाऊक आहे."

पट्टी काढून बाबांना घरी आणलं त्या दुपारी मी सुट्टीवर होते. काका आले, हात धुतले, बाबांच्या खुर्चीसमोर उभे राहिले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. केस, कपाळ, मान, सगळं सावकाश बघत होते. आणि म्हणाले, "किती म्हातारा झालास रे."

काकांनी त्यांची हनुवटी धरून चेहरा वर केला. "वर बघ. हलू नकोस."

बाबा हलले नाहीत. तरी पहिला थेंब गालावर पडला, आणि दुसराही. काकांनी बाहीने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग बाबांचा गाल.