उत्तरेची खिडकी

जून महिन्यात आमच्या या डच गावात, बेस्टला, उजेड संपतच नाही. रात्रीची भांडी आवरून झाली तरी मागच्या अंगणातल्या कुंपणावर ऊन रेंगाळत असतं, रस्त्याकडेच्या लिंडेनच्या झाडांना मधाचा ओलसर वास सुटलेला असतो, आणि सकाळी पडदा सरकवण्याआधीच उजेड पुन्हा खोलीत येऊन बसलेला असतो. नवऱ्याच्या, मिलिंदच्या, नोकरीमागोमाग नागपूरहून या गावात आले, तेव्हा मला ऊन शोधावं लागतं हेच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सूर्य डोक्यावरून जायचा आणि आपण सावली शोधायची. इथे पहिल्याच हिवाळ्यात शिकले, की घर बघताना आधी विचारायचं, दक्षिण कुठल्या बाजूला? ज्याचा दिवाणखाना दक्षिणेला, ते घर जानेवारीतही तग धरतं. आम्ही तसंच घर घेतलं, आणि आमची मुक्ता त्याच खिडकीतल्या उन्हात, मराठी ऐकत आणि डचमध्ये उत्तरं देत मोठी झाली.

लग्नानंतर ती टास्मानियातल्या होबार्टला गेली. तिचा नवरा रुबेन समुद्राचा अभ्यास करतो. तिथल्या संशोधनाच्या जहाजावर त्याला काम मिळालं. नकाशात मी टास्मानिया शोधलं तेव्हा त्याच्या खाली निळ्या रंगाशिवाय काहीच उरलेलं नव्हतं. तिथेच यशोधरा जन्मली, वैशाख पौर्णिमेच्या सुमारास. इकडे चेस्टनटच्या झाडांवर पांढऱ्या फुलांचे तुरे उभे होते आणि तिकडे मुक्ताच्या दारात पानगळ चालू होती. पौर्णिमा तीच, बुद्धवंदना तीच, पण वैशाख तिथे शरदाचे कपडे घालून आला होता, याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. बाळंतपणाला रुबेनची आई जाऊन आली. पाळणाघराला उन्हाळ्याची सुट्टी लागली की जुलैत मी जायचं, असं ठरलं होतं.

त्या पाळणाघरात मी गेली कित्येक वर्षं काम करते. रोज सकाळी दारात आया येतात. कोण रात्रभर जागी आहे, कोण गाडीत रडून डोळे पुसून आली आहे, हे मला बाळ हातात घेतानाच समजतं. पण फोनच्या पडद्यावरचा मुक्ताचा चेहरा मात्र मला वाचता येईना. आमची सकाळ ही तिची संध्याकाळ. माझ्या मागे लख्ख ऊन आणि तिच्या मागे दिव्याचा पिवळा, थकलेला उजेड. रुबेन जहाजावर गेलेला, परतायला अजून अवकाश. ‘कशी आहेस?’ म्हटलं की ‘बरी आहे’ एवढंच. कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी धरते, असं कधीतरी सांगे, तेही दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल सांगावं तसं.

एकदा मी म्हटलं, “अगं, दुपारी यशोला घेऊन दक्षिणेच्या खिडकीत बसत जा. जरा ऊन लागू दे अंगाला.”

ती हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

“आई, इथे दक्षिणेला ऊन नसतं. सूर्य उत्तरेकडून जातो. आणि आमच्या घराच्या सगळ्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला आहेत.”

ऋतू तिथे उलटे असतात हे मी शाळेत शिकले होते. पण घराची पाठ आणि पोटही उलटं होतं, आपल्या घरातली सर्वांत उबदार जागा त्या घरातली सर्वांत गार जागा असते, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. इतके आठवडे मी तिला ज्या खोलीत बसलेली कल्पनेत पाहत होते, ती खोली माझी होती. तिची नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी तिचा फोन आला तो नुसत्या आवाजाचा, चित्र नाही. वारा ऐकू येत होता. त्यामागे, दारापलीकडून यावं तसं, बाळाचं रडणं.

“कुठे आहेस?”

“मागच्या अंगणात.”

“आणि यशो?”

“आत. पाळण्यात आहे. मी दार लावलंय.” मग ती डचमध्ये म्हणाली, “इक कान नीट मेर, मामा.”

म्हणजे, माझ्याच्याने आता होत नाही, आई. लहानपणी सायकलवरून पडली की ती मला अशीच आईऐवजी डचमध्ये मामा म्हणायची. हातातला चहाचा कप मी कुठे ठेवला ते आठवत नाही. ‘आत जा, तिला घे’ हे शब्द ओठांवर आले होते. पाळणाघराच्या दारातल्या कुठल्यातरी आईचा चेहरा आठवला आणि ते मी गिळले.

“नको जाऊस आत,” मी म्हटलं. “शेजारी कोण राहतं?”

“मॅरियन.”

“तिच्याकडे जा. फोन बंद करू नकोस. मी आहे.”

मग मी ऐकत राहिले. खडीवरची पावलं, फाटकाची कडी, दारावरची थाप. एका वयस्क बाईचा आवाज, आधी आनंदी, मग एकदम खालच्या पट्टीतला. मुक्ताचं रडणं. मग दोघींची घाईची पावलं, दार उघडल्याचा आवाज आणि एकाएकी कानात भरलेलं बाळाचं रडणं, जे हळूहळू हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. मिलिंद माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. आमच्या खिडकीतून ऊन ओसंडून आत येत होतं, आणि मला त्या उन्हाचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी मॅरियन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जुलैची वाट न पाहता मी त्याच आठवड्यात निघाले.

तिथल्या पहिल्या सकाळी मी अंगणात उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभी राहिले. शाळेत शिकवलेलं तेवढं तिथेही खरं होतं: डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. पण तिथून पुढे सूर्य माझ्या उजव्या खांद्याकडे सरकण्याऐवजी डावीकडे निघाला. घराच्या उत्तरेला एकच जागा होती, कपडे धुण्याची अरुंद खोली, वीतभर खिडकीची. मी तिथलं सामान काढलं, खुर्ची ठेवली. दुपारी त्या खोलीत तिरपं, फिकट ऊन यायचं. कधी मुक्ता यशोला घेऊन तिथे बसायची, कधी नुसतीच बसायची आणि यशो माझ्याकडे असायची. औषधं चालू होती, बोलण्यासाठी एका बाईंकडे जाणं चालू होतं. रुबेन परतला, दारातच बूट काढता काढता रडला. काही दिवस बरे जायचे. काही नाही.

एका संध्याकाळी आम्ही दोघी बाहेर बसलो होतो. आकाशात, उत्तरेलाच, अर्धा चंद्र होता, डाव्या बाजूने उजळलेला. मी सहज म्हटलं, “उतरतीचा दिसतोय.”

“नाही गं,” मुक्ता म्हणाली. “वाढतोय. इथे डावीकडून भरत जातो. मलाही आधी उलटंच वाटायचं.”

मी तिच्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. ती बरी होते आहे की माझ्यासमोर बरी राहते आहे, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येईल असं मला अजूनही वाटत होतं. तेव्हाच बहुधा ते वाटणं थांबलं.

आता सप्टेंबर लागलाय, मी बेस्टला परतले आहे. इथे सकाळी सायकलच्या सीटवर दव साचतं, तिथे म्हणे वॅटलच्या झाडांना पिवळी फुलं आली आहेत. ‘आज बरी दिसतेस’ असं मी तिला म्हणत नाही. ‘कशी आहेस?’ एवढंच विचारते. ती लगेच बोलत नाही. फोनमधून तिच्या घरातले आवाज येत राहतात, किटली, पाऊस, यशोचं काहीबाही. मी थांबते.