मंडईतली बाई

माझ्या हातात मोबाईल दिसला की आईचा पहिला सवाल ठरलेला, "आज कोनाचा मुडदा उकरून राह्यली वं?" तिची चूक नाही. शाळेच्या नोकरीतून मोकळी झाल्यापासून मी इंटरनेटवरच्या एका गटात पडीक असते. इतिहासातले, राजकारणातले, कुणालाच न सुटलेले बारीकसारीक प्रश्न लोक तिथे टाकतात आणि आमच्यासारखे फुकट फौजदार ते सोडवत बसतात. अमक्या सभेचा अध्यक्ष कोण होता, तमक्या उमेदवाराचं चिन्ह कोणतं होतं, असले. दमडी मिळत नाही, पण उत्तर सापडलं की मी कुरखेड्याच्या घरात एकटीच टाळ्या वाजवते. गटाचा नियम एकच : पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा. हा नियम मला फार आवडतो, कारण जन्मभर शाळेत पोरांच्या थापा ऐकल्या आणि घरी बाबांच्या.

बाबांची मुख्य थाप अशी. जवानपणी ते गावच्या दंडारीत राणी व्हायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं गावठी नाटक, आणि त्या काळी बाईचं काम पुरुषच करत. एका वर्षी नाटक लांबत लांबत उजाडलं, तेवढ्यात एका बड्या पुढाऱ्याची जीप आली आणि त्याच मंचावर सभा सुरू झाली. बाबा अजून लुगड्यातच होते. ते तसेच पुढे झाले आणि पुढाऱ्याला तोंडावर म्हणाले, "साहेब, आमच्या बाया डोंग्यात बाळंत होते. नदीवर पूल कवा बांधता?" पावसाळ्यात दवाखान्याला जायचं तर आमच्याकडे तो लाकूड कोरून केलेला डोंगाच. मी स्वतः त्यातच जन्मले, याला मात्र साक्षीदार आहेत. पुढे पुष्कळ वर्षांनी पूल झाला आणि बाबांनी तो परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतला. एस.टी. पुलावर चढली की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "हा पूल माया सवालानं झाला."

भाऊ म्हणायचे, "हो बाबा, टोल लावा आता." पानठेल्यावर पोरं म्हणायची, "राणीसाहेब आले, सरका!" आणि मी म्हणायची, "पुरावा?" बाबा चिडायचे, "पुराव्याच्या लेकाची! मी का खोटा हाये?" आता वय झालं. अलीकडे पुलावर ते नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे, तोंडातून शब्द नाही. बडबड्या माणूस गप्प झाला की मला चैन पडत नाही, उलट रागच येतो. खोटं तर खोटं, पण बोला ना बापा!

मागच्या हिवाळ्यात गटात एक फोटो आला. टाकणारी पोरगी जंगलपट्टीतल्या बायांच्या राजकारणावर संशोधन करत होती. फोटोत मधोमध काष्ट्याचं लुगडं नेसलेली उंच बाई हात उगारून बोलते आहे आणि खुर्चीवरचा पुढारी तिच्याकडे बघतो आहे. फोटोच्या मागे कुणीतरी लिहिलेलं : मंडईत सभा, चांदा जिल्हा. चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव, आमचा भागही तेव्हा त्यातच होता. पोरीचा प्रश्न होता, ही धीट बाई कोण?

आमच्या गटात पुण्याचे एक गृहस्थ आहेत. माणूस सज्जन, पण उत्साह उतू जाणारा. त्यांनी लगेच चंद्रपूरच्या भाजीबाजाराचा इतिहास काढला. जुने नकाशे मांडले, ही बाई भाजीविक्रेती असावी असं अनुमान केलं. वर, मागे जो कमानीदार वाडा दिसतो तो नेमका कोणत्या घराण्याचा, यावर त्यांची दुसऱ्या एका सदस्याशी चांगलीच जुंपली. मी वाचत होते आणि माझं रक्त आटत होतं. शेवटी राहवेना. लिहिलं, "महाशय, भाजी आम्ही गुजरीत घेतो. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जिथे रात्रभर नाटकं होतात. आणि तो वाडा नाही, नाटकाचा पडदा आहे. खालून फाटला आहे, नीट बघा."

लिहिता लिहिता मीच नीट बघितलं. पडदा, मंडई, सकाळचं ऊन, लुगड्यातली उंच बाई. फोटो मोठा केला. उगारलेल्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. बाबा लहानपणी मोहाच्या झाडावरून पडले तेव्हा ती मोडली आणि तशीच जुळली. माय वं! मी खुर्चीतून उठलेच.

बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मी मोबाईल समोर धरला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, मोबाईल जवळ नेला, लांब नेला. मग म्हणाले, "किती जवान होतो गा मी!" आणि हसायला लागले ते थांबेचनात, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता माग पुरावा! माग ना! सीध्या बोटानं तूप निघत नाई, म्हनून देवानं मले वाकडं देल्लं." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले, जे मी दिवाळीलासुद्धा टाळते.

आई तांदूळ पाखडत होती. तिनं फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "हे लुगडं मायं होय. वापस नाई देल्लं यायनं."

त्या दिवशी बाबा माझा मोबाईल घेऊन पानठेल्यावर गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आले नाहीत. भावांनी फोनवर कान पकडले. राणीसाहेब म्हणणारी पोरं आता खरोखरच सरकून जागा द्यायला लागली. बाबांची छाती बघण्यासारखी झाली होती.

मी गटात उत्तर लिहिलं आणि त्या पोरीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. अभिनंदन केलं, बिचारीनं. मग आवाज बारीक झाला. तिच्या पुस्तकाचा पहिला धडाच या बाईनं सुरू होत होता. "म्हणजे मॅडम, बाई नव्हतीच," ती म्हणाली. "पुरुषानंच विचारलं. माझे सर म्हणतच होते की त्या काळी तिकडची बाई एवढं बोलणार नाही." पुराव्याचा नियम मला पहिल्यांदाच कडू लागला.

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते, आपली कीर्ती ऐकायला. त्यांनी आईकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते तेव्हा मला कळलं नाही. जन्मभर ज्याच्यासाठी झगडले ते आत्ता कुठे हातात आलं होतं, अजून एक महिनासुद्धा मिरवून झालं नव्हतं.

"पोरी," ते फोनला म्हणाले, "तुया सराले सांग, बाई होती. फोटोच्या कोपऱ्यात पाह्य. मंचाच्या खाली उभी हाये, डोक्यावर पदर, कडेवर लेकरू, तोंड उघडं. दिसली?"

"दिसली," पोरगी म्हणाली.

"ते मायी बायको. सवाल तिचा हाये. तवा बायायनं सभेत बोलाची सोय नव्हती. ते खालून म्हने, 'तुमी लुगड्यात हा, सोंगाले सारं माफ असते, तुमी पुसा.' मी भेलो होतो. दोनदा म्हनलं तिनं, तवा पुसलं. शब्दन् शब्द तिचा. ते डोंग्यात बाळंत झाली होती, मी नाई."

फोनमधून त्या पोरीचं नाक ओढणं ऐकू आलं. मी आईकडे वळले, "काऊन वं, तू कधी बोलली नाई?" ती सूप आपटत म्हणाली, "साऱ्या दुनियेले पुसत फिरते मोबाईलमध्ये. मले कवा पुसलं?" मी हसले, दुसरं काय करणार!

गटात मी सुधारित उत्तर टाकलं. पुण्याच्या गृहस्थांनी नियमाप्रमाणे विचारलंच, "कोपऱ्यातील स्त्रीची ओळख पटवणारा पुरावा?" मला असा राग आला, पण नियम तो नियम. लिहिलं, "तिच्या कडेवरचं लेकरू मी आहे. आणि ती आत्ता माझ्या मागे उभी राहून, भाकरी थंड होऊन राह्यली म्हणून ओरडते आहे." त्यांनी पुरावा मान्य केला. पोरीचा पहिला धडा शाबूत राहिला, फक्त त्यातली बाई मंचावरून खाली आली.

परवा वडशाला लग्नाला निघालो. एस.टी. पुलावर चढली तसे बाबा पुन्हा पूर्वीसारखे सावरून बसले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा पूल हिच्या सवालानं झाला!" गाडीतली माणसं वळून बघायला लागली. आईनं पदर पुढे ओढला आणि बाबांना कोपरानं ढोसलं.

"गप बसा," ती म्हणाली. "लुगडं मायं, सवाल माया, कडेवरची लेक मायी. पूल तरी तुमचा राहू द्या."